गुत्ता आणि रंगमंच : मद्रासच्या दोन परवान्यांचा इतिहास

'गुत्ता' हा शब्द आम्ही मराठी माणसे सहसा नाक मुरडून उच्चारतो. दारू पिण्याची हलकी जागा, एवढाच त्याचा अर्थ आमच्या मनात उरला आहे. परंतु ह्या शब्दाचे मूळ पाहू गेल्यास त्यात दारू कोठेच नाही. गुत्ता म्हणजे मक्ता. सरकारला ठराविक रक्कम भरून एखादी वस्तू विकण्याचा मिळविलेला हक्क. कानडीत 'गुत्तिगे' म्हणजे ठेका, तेलुगूत 'गुत्त' म्हणजे खंड, आणि तमिळमध्ये आजही शेत खंडाने देण्यास 'कुत्तगै' म्हणतात. म्हणजे दारूच्या दुकानाला आमच्या भाषेने जे नाव दिले ते पेयावरून नव्हे, पेल्यावरून नव्हे, तर परवान्यावरून दिले. ज्या जागेची ओळखच सरकारी कागदावरून पटते, त्या जागेचा इतिहास हा त्या कागदाचाच इतिहास असणार, हे उघड आहे.

चेन्नई शहरात आज एखाद्यास एकाच छपराखाली मद्य द्यावयाचे असेल आणि गाणेबजावणेही ठेवावयाचे असेल, तर त्याला दोन निरनिराळ्या कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. पेल्यासाठी दारूबंदी व अबकारी खात्याचा परवाना, आणि गाण्यासाठी पोलीस आयुक्तांचा. पहिल्या कागदामागे खजिना उभा आहे, दुसऱ्यामागे कोतवाली. हे दोन कागद एकमेकांपासून वेगळे कसे झाले आणि त्यांवरील अटी कोणाच्या हिताच्या ठरल्या, हे पाहिले असता ह्या शहराच्या सामाजिक जीवनाची एक बाजू आपणांस चांगली उमजते. मुंबईच्या दारूबंदीच्या हकिकती दक्षिणेतल्या मराठी घरांतही पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या जातात. परंतु ज्या प्रांतात आमचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर येऊन स्थायिक झाले, त्या प्रांताची ही कथा आमच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक आहे.

ह्या कथेचा आरंभ सेंट जॉर्ज किल्ल्यात होतो. इंग्रजांनी मद्रासची वखार इ. स. १६३९-४० मध्ये वसविली. पुढे विल्यम लँगहॉर्न हा गव्हर्नर असताना, म्हणजे १६७२ ते १६७८ ह्या काळात, किल्ल्यातील इंग्रजांच्या वर्तनासाठी काही नियम करण्यात आले. त्यांतला एक नियम असा की, कोणाही एका माणसाने एका बैठकीत अर्धा पाइंट अर्क किंवा ब्रँडी आणि एक क्वार्ट द्राक्षमद्य ह्यांपेक्षा अधिक पिऊ नये. नियम मोडल्यास जो घरवाला मद्य पुरवील त्यास एक पागोडा दंड, आणि मर्यादा ओलांडणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास बारा फनम. पागोडा हे सोन्याचे नाणे, फनम त्याहून पुष्कळ लहान. म्हणजे पिणाऱ्यापेक्षा पाजणाऱ्याचा अपराध मोठा, असा हिशेब झाला. रात्री आठनंतर बाहेर राहणाऱ्यास शिक्षा होती, आणि किल्ल्याची भिंत चढून जाणाऱ्यास बेड्या घालून पुढील जहाज येईपर्यंत डांबून ठेवीत व मग विलायतेस परत पाठवीत.

अर्धा पाइंट अर्क ही मर्यादा आज ऐकणाऱ्यास मर्यादा न वाटता मुभाच वाटेल. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. आजच्या परवान्यात ज्या अटी असतात, त्यांपैकी मुख्य तीन येथे साडेतीनशे वर्षांमागे जवळजवळ तयार झालेल्या दिसतात : किती प्यावे, कोणत्या वेळेपर्यंत बाहेर असावे आणि ग्राहकाच्या वर्तनाची जबाबदारी किती अंशाने चालकावर असावी. पुढच्या कायद्यांनी त्यांत भर घातली. पाया बदलला नाही.

त्या काळी मद्रासमध्ये जी पेये चालत त्यांत 'पंच' प्रसिद्ध होते. अर्क, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला ह्या पाच जिनसांवरून, म्हणजे आपल्या पंचामृतातल्या 'पंच' शब्दावरूनच, हे नाव पडले असे मानण्याचा प्रघात आहे. त्यासाठी लागणाऱ्या अर्कांत गोव्याच्या माडाच्या अर्काची मोठी ख्याती होती. खलाशी व शिपाई ज्या घरांत जमत त्यांना 'पंच हाउस' म्हणत. मद्रासच्या मद्यगृहांची वंशावळ ह्या घरांपासून धरावी लागते.

ह्याच लँगहॉर्नच्या कारकिर्दीत, १६७७ च्या मे महिन्यात, कर्नाटकाच्या स्वारीवर असलेल्या शिवाजी महाराजांचे पत्र मद्रासला आले. त्यांनी काही पौष्टिक औषधे व विषावरचे उतारे मागविले होते, आणि इंग्रजांनी ते मूल्य न घेता भेट म्हणून पाठविले. मराठ्यांचा राजा मैलोगणती दौड करीत शेजारच्या मुलुखात होता, आणि किल्ल्याच्या आत गव्हर्नर आपल्या माणसांच्या पेल्यांची मापे ठरवीत होता, हा योग इतिहासाच्या अभ्यासकाला मौजेचा वाटल्यावाचून राहत नाही. त्याच्या वर्षभर आधी, १६७६ मध्ये, व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले होते. मराठी माणसाचा ह्या प्रांताशी जो स्थायी संबंध जडला, त्याचा आणि मद्रासच्या मद्यनियमांचा काळ असा एकच आहे.

कंपनीला लवकरच कळून चुकले की मद्याला आळा घालण्यापेक्षा त्याचा मक्ता देणे अधिक किफायतशीर. अर्क, तंबाखू, विडा ह्यांच्या विक्रीचे मक्ते देऊन त्यांतून उत्पन्न काढण्याची पद्धत मद्रासमध्ये रूढ झाली. जे नीतीचे प्रकरण म्हणून सुरू झाले होते ते महसुलाचे प्रकरण झाले. आणि गुत्ता हा शब्द सर्वार्थाने सार्थ झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या पद्धतीला कायद्याचा पक्का साचा मिळाला. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा झाला; मद्रास इलाख्यात १८८६ चा. परवान्यावाचून दारू गाळणे, ताडी काढणे, बाळगणे आणि विकणे हे गुन्हे ठरले. ताडीच्या झाडावर कर बसला, दुकानांचे लिलाव होऊ लागले. घरामागच्या झाडाला मडके बांधून संध्याकाळी जे मिळे, त्याला आता सरकारी शिक्का लागू लागला. परवान्याच्या अटींत दुकानात जुगार व दंगा होऊ न देणे, वेळेवर दार बंद करणे अशा नीतिपर कलमांची योजना होती. परंतु लिलावात चढी बोली बोलून आलेल्या मक्तेदाराने ग्राहकाला कमी प्यावयास सांगावे अशी अपेक्षा करणे हा भाबडेपणाच होता. एका हाताने बोली चढवावयाची आणि दुसऱ्या हाताने संयमाचे कलम लिहावयाचे, हा विसंवाद ह्या कायद्याच्या पोटातच होता.

ह्यानंतर दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, दोन कायदे झाले. मद्रास शहरासाठी पोलीस कायदा आणि शहराबाहेरच्या प्रदेशासाठी सार्वजनिक गमनागमनाच्या जागांचा कायदा. लोक जेथे करमणुकीसाठी जमतात अशा जागांना परवाना घेणे त्यांनी आवश्यक केले. शहरात हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे गेला. नाटकांच्या मजकुरावर दाब ठेवणारा १८७६ चा हिंदुस्थान सरकारचा कायदा त्याआधीच होता. ह्याच कायद्याच्या वरवंट्याखाली पुढे १९१० मध्ये खाडिलकरांचे 'कीचकवध' सापडले, हे मराठी वाचकास सांगावयास नको.

अशा रीतीने एकाच दशकात पेला महसूल खात्याकडे गेला आणि रंगमंच पोलिसांकडे. ही विभागणी केवळ कारभाराची सोय नव्हती. पिणारा माणूस सरकारला कर देतो; म्हणून त्याच्याकडे ग्राहक म्हणून पाहिले गेले. पाहणारा व ऐकणारा माणूस गर्दी करतो. म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहिले गेले. एकाच संध्याकाळी एकच माणूस ह्या दोन्ही भूमिकांत असू शकतो, ह्याचा विचार कायद्याने केला नाही. आज चेन्नईतल्या चालकाला ज्या दोन कचेऱ्यांत हेलपाटे घालावे लागतात, त्यांचे मूळ १८८६ आणि १८८८ ह्या दोन सालांत आहे.

कायद्याची नजर सर्वांवर सारखी नव्हती, हेही येथेच सांगितले पाहिजे. १८३२ मध्ये स्थापन झालेला मद्रास क्लब युरोपियनांपुरता होता. १८७३ चा कॉस्मोपॉलिटन क्लब एतद्देशीय व युरोपीय ह्या दोघांना खुला होता. १८८४ मध्ये जिमखाना आला. क्लबाच्या भिंतींआड पेला आणि वाद्यवृंद ही दोन्ही एकत्र सुखाने नांदत होती; तेथे ना लिलाव, ना पोलिसांचा पहारा. झाडाखालचा ताडीवाला, वेशीवरचा अर्कवाला आणि क्लबातला सभासद अशा तीन पातळ्या मद्रासच्या मद्यजीवनात तेव्हाच पक्क्या झाल्या. पुढची सव्वाशे वर्षे राज्ये बदलली, पक्ष बदलले. ह्या पातळ्या मात्र बदलल्या नाहीत.

आता रंगमंचाकडे वळू. तंजावरच्या मराठी दरबारात गायन, नर्तन आणि नाटक ह्यांना जो आश्रय मिळाला तो सर्वश्रुत आहे. शहाजीराजे (१६८४-१७१२) स्वतः नाटककार होते आणि त्यांचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या 'सीतास्वयंवरा'हून दीड शतकाने जुने आहे. ह्या दरबारात कलावंताला परवाना लागत नसे, राजाची मर्जी लागे. १७९९ मध्ये राज्य कंपनीकडे गेले, १८५५ मध्ये गादीही संपली, आणि आश्रय गमावलेले अनेक गायक, वादक आणि नर्तकी मद्रासच्या धनिकांकडे आल्या. मर्जीच्या राज्यातून ते परवान्याच्या राज्यात आले असे म्हटले तरी चालेल.

तंजावरचा मराठी वारसा मद्रासच्या रंगभूमीवर आणखी एका वाटेने आला. तंजावरचे गोविंदस्वामी राव ह्या मराठी गृहस्थांनी महाराष्ट्रातून आलेल्या नाटक मंडळींपासून स्फूर्ती घेऊन 'मनमोहन नाटक कंपनी' काढली व तमिळ नाटके केली. त्यांचे खेळ पाहून प्रभावित झालेल्यांत पम्मल संबंध मुदलियार होते. त्यांच्या 'सुगुण विलास सभे'ने, जी १८९१ मध्ये स्थापन झाली, सुशिक्षित लोकांना रंगमंचावर आणले. नाटक हा वकील-डॉक्टरांनी करावयाचा उद्योग ठरला, आणि पोलीस परवान्याच्या दृष्टीने ते 'सभ्य' झाले.

नर्तकीच्या वाट्याला मात्र हे सभ्यपण आले नाही. १८९३ मध्ये मद्रासच्या समाजसुधारकांनी व्हाइसरॉय व गव्हर्नर ह्यांना अर्ज केला की, जेथे नाच होतो अशा समारंभांना त्यांनी जाऊ नये. दोघांनीही ही विनंती नाकारली. सरकारला अद्याप त्यात काही वावगे दिसत नव्हते. परंतु विचाराचा प्रवाह सुरू झाला होता. १९३२ च्या सुमारास डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी आणि ई. कृष्ण अय्यर ह्यांच्यात वृत्तपत्रांतून जो वाद झाला, तो ह्याच प्रश्नावर : नृत्य टिकवावे की नर्तकीला सोडविण्यासाठी नृत्यच सोडावे? दोन्ही पक्षांचा हेतू प्रामाणिक होता. परिणाम असा झाला की नृत्य टिकले, सभागृहात मानाने विराजमान झाले, आणि ज्या घराण्यांनी ते जपले ती बहुतांशी बाजूस पडली.

मद्याच्या बाबतीत ह्याच काळात एक अपूर्व प्रयोग झाला. चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांनी तिरुचेंगोडच्या गांधी आश्रमातून दारूबंदीच्या प्रचारासाठी 'विमोचनम्' नावाचे मासिक काढले होते. पुढे 'कल्की' म्हणून विख्यात झालेले लेखक त्यांत त्यांचे सहकारी होते. १९३७ मध्ये राजाजी मद्रासचे पंतप्रधान झाले, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला त्यांच्या स्वतःच्या सेलम जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. पुढील दोन वर्षांत चित्तूर, कडप्पा व उत्तर अर्काट हे जिल्हे तिच्या कक्षेत आले. अबकारी हा त्या काळी प्रांताच्या महसुलाचा सुमारे चौथा हिस्सा होता. तो सोडावयास निघालेला मुत्सद्दी हिशेबात कच्चा नव्हता. सेलमच्या खेड्यांत दुकाने बंद झाल्यावर संध्याकाळ रिकामी राहू नये म्हणून भजने, कथा, खेळ ह्यांना उत्तेजन देण्यात आले. गुत्त्याची उणीव रंगमंचाने भरून काढावी, ही त्यामागची कल्पना होती. दोन परवान्यांचा संबंध एकत्र विचारात घेणारा हाच आमच्या माहितीतला पहिला शासकीय प्रयत्न होय.

परंतु उणीव खजिन्यातही होती. तिच्यासाठी १९३९ मध्ये दोन कर आले. एक सर्वसाधारण विक्रीकर, जो पुढे साऱ्या देशाने उचलला. दुसरा करमणूक कर. म्हणजे दारूवाल्याने भरावयाची रक्कम आता काही अंशी नाटक-सिनेमाचे तिकीट काढणाऱ्याने भरावयाची. विक्रीकराचा इतिहास लिहिणारे ह्या योगाचा उल्लेख करतात. हा करमणूक करही त्याच योगातून आला हे बहुधा विसरले जाते. सेलमच्या ताडीच्या दुकानाला कुलूप लागले आणि मद्रासच्या चित्रपटगृहाच्या खिडकीवर तिकीट महागले, ह्या दोन घटना एकाच अंदाजपत्रकाच्या दोन बाजू होत.

महायुद्धाच्या काळात, काँग्रेस मंत्रिमंडळ गेल्यावर, दारूबंदी स्थगित झाली. १९४६ पासून पुन्हा टप्प्याटप्प्याने आली. ओमंदूर रामस्वामी रेड्डियार ह्यांच्या मंत्रिमंडळाने २ ऑक्टोबर १९४८ रोजी ती मद्रास शहरासह साऱ्या इलाख्यात नेली. त्याच मंत्रिमंडळाच्या काळात, १९४७ मध्ये, देवदासी समर्पणाचा प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याने समर्पणच नव्हे तर देवळातले व मिरवणुकीतले नृत्यही निषिद्ध केले. अशा रीतीने वर्षभराच्या आत पेला शहरातून गेला आणि नृत्य देवळातून. दोन्ही सुधारणांमागे स्त्रीच्या व गरिबाच्या दुःखाची खरी जाणीव होती. तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ताडी काढणारा आणि देवळात नाचणारी, ज्यांच्या उद्धारासाठी हे झाले, त्यांच्या पोटाची तरतूद त्या कायद्यांत पुरेशी नव्हती, हेही तितकेच खरे.

मुंबईतही १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तेथे 'परमिट' हा शब्द रूढ झाला आणि त्यातून 'परमिट रूम' नावाची खास मुंबईची संस्था निघाली. मद्रासमध्ये परदेशी लोक व वैद्यकीय कारण असलेले काही थोडे ह्यांनाच मुभा राहिली. रंगमंचावरचा दाब मात्र वाढला. १९५४ मध्ये मद्रास सरकारने नाट्यप्रयोगांचा स्वतंत्र कायदा केला. एम. आर. राधा ह्यांची रामायणावरील टीकात्मक नाटके हे त्याचे निमित्त होते. संहिता आधी दाखवावी, ही अट ह्या कायद्याने घातली; मद्रास उच्च न्यायालयाने तो २०१३ मध्ये घटनाबाह्य ठरविला. महाराष्ट्रात 'सखाराम बाइंडर'च्या निमित्ताने १९७२ नंतर जो झगडा झाला, त्याचे हे दाक्षिणात्य भावंड म्हणावे लागेल.

१९७१ मध्ये मुख्यमंत्री करुणानिधी ह्यांनी दारूबंदी उठविली. त्या वेळी ब्याण्णव वर्षांचे राजाजी पावसात त्यांच्या घरी गेले आणि निर्णय फिरविण्याची विनंती केली, ही हकिकत तमिळनाडूत आजही आदराने सांगितली जाते. विनंती मान्य झाली नाही. परंतु तीन वर्षांतच, १९७४ पर्यंत, सरकारने स्वतःच दुकाने पुन्हा बंद केली. १९८१ मध्ये एम. जी. रामचंद्रन ह्यांच्या सरकारने ती पुन्हा उघडली, १९८३ मध्ये घाऊक विक्रीसाठी 'टास्मॅक' हे सरकारी महामंडळ काढले, आणि १९८७ च्या आरंभी ताडी व अर्क ह्यांवर बंदी घातली. २००३ मध्ये जयललिता सरकारने किरकोळ विक्रीही ह्याच महामंडळाकडे दिली. गुत्ता देणारा स्वतःच गुत्तेदार झाला! त्या पहिल्या सुमारास मद्यापासून सरकारला वर्षाकाठी साडेतीन हजार कोटी रुपयांच्या आसपास मिळत. २०२३-२४ मध्ये हा आकडा पंचेचाळीस हजार कोटींच्या पलीकडे गेला.

आता ह्या शहरातल्या मद्यगृहाच्या अटी पाहू. पहिली मौज अशी की चेन्नईत कायदेशीररीत्या ओतला जाणारा प्रत्येक पेला राजाजींच्या १९३७ च्या दारूबंदी कायद्याखालीच ओतला जातो. १९८१ चे परवाना-नियम ह्याच कायद्याचे अपत्य होत. बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद, अशी ही रचना आहे. मूळ कायदा जिवंत असताना अपवादच एवढा वाढला की नियम त्याच्या सावलीत दिसेनासा झाला. महाराष्ट्रातही स्थिती निराळी नाही. १९४९ च्याच कायद्याखाली तेथे सारा व्यवहार चालतो.

परवान्यांचे प्रकार दोन मुख्य. 'एफ. एल. २' हा सभासदांच्या मालकीच्या, नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबांसाठी, 'एफ. एल. ३' तारांकित हॉटेलांसाठी. महाराष्ट्रात ह्याच क्रमांकाच्या परवान्यावर साध्या खानावळीवजा उपाहारगृहालाही परमिट रूम चालविता येते. तमिळनाडूत आधी निजावयाच्या खोल्या हव्यात, मग पेला. म्हणूनच बंगळूरात १९८० च्या दशकापासून रस्त्यावर दार उघडणारे पब निघाले तसे चेन्नईत निघाले नाहीत. येथील पब हॉटेलच्या पोटात असतो. त्याच्याकडे जाणारी वाट संगमरवरी दालनातून जाते. ह्या एका अटीमुळे चेन्नईच्या रात्रीचा नकाशाच ठरला आहे. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने हॉटेलात, ज्याची ओळख आहे त्याने क्लबात, आणि ज्याच्याजवळ दोन्ही नाही त्याने सरकारी दुकानासमोर उभे राहून प्यावे. १८८० च्या तीन पातळ्या वाचकांस आठवत असतील.

बाकीच्या अटी ठरलेल्या आहेत. एकवीस वर्षांखालील ग्राहकास मद्य देऊ नये. सरकारी दुकान शहरात देवळापासून वा शाळेपासून ५० मीटर आणि इतरत्र १०० मीटर दूर असावे. प्रजासत्ताकदिन, स्वातंत्र्यदिन, गांधीजयंती ह्यांबरोबर तिरुवळ्ळुवर दिन, वळ्ळलार स्मृतिदिन, महावीर जयंती, ईद-ए-मिलाद आणि मे दिन हे कोरडे दिवस पाळावे. गाण्यासाठी पोलिसांचा परवाना १८८८ च्याच कायद्याखाली. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर निर्बंध, आणि ध्वनिमुद्रित संगीत वाजवावयाचे तर त्याच्या हक्कदारांची वेगळी परवानगी. २०२३ च्या एप्रिलमध्ये सरकारने परिषदा व क्रीडासामने ह्यांसारख्या प्रसंगी मद्य देण्यासाठी विशेष परवान्याचा नियम काढला. त्यात आरंभी विवाहमंडपांचाही समावेश होता. लोकांत इतका क्षोभ उसळला की विवाहमंडप तत्काळ वगळावे लागले. अक्षतांच्या मांडवात पेला नको, एवढी एक मर्यादा समाजाने स्वतः आखून दाखविली.

पेला आणि नाच एकत्र आले की राज्य बिचकते, ह्याचा प्रत्यय २००५ मध्ये दोन्ही शहरांत आला. मुंबईत त्या वर्षी डान्सबारवर बंदी आली. चेन्नईत त्याच वर्षी एका मोठ्या हॉटेलातील नाचणाऱ्या तरुणतरुणींची छायाचित्रे तमिळ वृत्तपत्रांत झळकली, आणि त्या हॉटेलच्या मद्यपरवान्यावर गंडांतर आले. मुंबईचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात दोनदा गेले. २०१६ च्या महाराष्ट्र कायद्यात मद्य देण्याची जागा आणि नाचाची जागा ह्यांच्यामध्ये आडभिंत असावी अशी अट होती. १७ जानेवारी २०१९ च्या निकालाने ती रद्द झाली. १८८६ आणि १८८८ ह्या दोन सालांमध्ये कायद्याने जी अदृश्य भिंत बांधली होती, तिला विटांचे रूप देण्याचा तो प्रयत्न होता असे आम्हांस वाटते. उलट, बंगळूरच्या 'लाइव्ह बँड' उपाहारगृहांनी परवान्याची सक्तीच नको म्हणून केलेली मागणी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. तात्पर्य, परवाना असावा. पण त्याच्या अटी माणसाला अपमानास्पद नसाव्यात. मद्याचा व्यापार हा मूलभूत हक्क नव्हे, हे १९९४ च्या निकालाने स्पष्ट झालेच आहे. परंतु नाचणाऱ्या स्त्रीचा आपल्या कष्टाने पोट भरण्याचा हक्क हा त्या व्यापाराच्या हक्काहून वेगळा आहे.

ह्या साऱ्या कागदांच्या खाली एक तळ आहे, तेथे परवाना पोहोचत नाही. २०२४ च्या जूनमध्ये कळ्ळकुरिची येथे विषारी दारूने साठाहून अधिक माणसे दगावली. ती हॉटेलातली नव्हती, क्लबातली नव्हती. महाराष्ट्रात २०१५ मध्ये मालवणीला शंभरावर माणसे ह्याच रीतीने गेली. कळ्ळकुरिचीनंतर सरकारने शिक्षा वाढविल्या, जन्मठेपेपर्यंत नेल्या. परंतु १९८७ पासून ताडीला बंदी आहे, आणि सरकारी दुकानातली बाटली मोलमजुराच्या रोजीचा मोठा घास घेते. ताडी काढणाऱ्यांचे समूह तेव्हापासून बंदी उठविण्याची मागणी करीत आले आहेत. तिच्या बाजूने व विरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण गरिबाचे स्वस्त पेय तेवढे निषिद्ध आणि श्रीमंताचे महाग पेय परवानापात्र, ही व्यवस्था नीतीच्या नावाने समर्थनीय ठरत नाही.

दुसऱ्या कागदाचीही अशीच कसोटी २०१५ मध्ये लागली. त्या वर्षी ३१ जुलैला गांधीवादी कार्यकर्ते शशी पेरुमाळ कन्याकुमारी जिल्ह्यात एका सरकारी दारूदुकानाविरुद्ध आंदोलन करताना मनोऱ्यावर मृत्यू पावले. ऑक्टोबरात लोकगायक कोवन ह्यांना, सरकारी दारूदुकानांवर व मुख्यमंत्र्यांवर टीका करणाऱ्या गाण्यांसाठी, राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. पुढे ते जामिनावर सुटले. सरकारने दारू विकावी आणि त्या दारूवर गाणे रचणाऱ्याला पकडावे, ह्यात दोन परवान्यांचा सारा इतिहास साठविलेला आहे. खजिनदाराने ज्याला आत घेतले, कोतवालाने त्याच्यावर गाणाऱ्याला बाहेर काढले.

लँगहॉर्नच्या नियमात एक शहाणपण होते : पिणाऱ्याला बारा फनम, पण पाजणाऱ्याला पागोडा. ज्याला नफा त्याच्यावर जबाबदारी, हे ते तत्त्व. किल्ल्यात पाजणारा एक घरवाला होता. नंतर मक्तेदार आला, त्यानंतर लिलावाचा बोलीदार. २००३ पासून मुख्य पाजणारे स्वतः राज्यच आहे. परवान्यांच्या अटी चालकाने पाळाव्यात हे योग्यच. परंतु ज्याच्या सहीने परवाना निघतो आणि ज्याच्या दुकानातून बाटली निघते, तो एकच असेल तर पागोडा कोणी भरावयाचा, हा प्रश्न तमिळनाडूच्या, आणि आमच्या महाराष्ट्राच्याही, लोकप्रतिनिधींनी आपापल्या सभागृहांत एकदा विचारावयास हवा.